नॅरोबोट घेऊन भरतीच्या टेम्सवर: लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड

कालवाकाठ

नमस्कार मंडळी. दोघातिघांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) एकच प्रश्न विचारला, म्हणून वेगळा धागा काढतेय. इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट टेम्सच्या भरती-ओहोटीच्या पाण्यात न्यावी का, आणि न्यायची तर कशी? माझं मत: जरूर न्यावी. मात्र निघायची वेळ पाण्याला ठरवू द्यावी. सुट्टी, पाहुणे, वाढदिवस यांच्या सोयीने ही वाट धरू नये.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुने लॉक (दोन दारांमधली कोठी, जिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात) जेमतेम 7 फूट रुंद, म्हणून बोट 6 फूट 10 इंच रुंद आणि लांबीला 70 फुटांपर्यंत. तळ सपाट, पाण्याखाली साधारण 2 फूट. कालव्यावर ताशी 4 मैलांच्या वर जायची मुभाच नाही. पूर्ण जोर लावला तरी बहुतेक बोटी 5-6 नॉटच्या (ताशी सागरी मैल) पुढे जात नाहीत. पुढचा बसका डेक, इंजिनाच्या हवेच्या जाळ्या, न्हाणीचं पाणी बाहेर टाकणारी भोकं, सगळं पाण्याच्या पातळीपासून काही इंचांवर. कालव्याच्या निवांत पाण्यात त्याने काही बिघडत नाही.

पूर्व लंडनमधल्या लाइमहाउस बेसिनच्या, म्हणजे कालवा नदीला मिळतो तिथल्या गोदीच्या, पलीकडे मात्र लंडनची टेम्स आहे. तिथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 7 मीटरपर्यंत जातो आणि ओढ 3-4 नॉटची असते. हिशेब करा: तुमची बोट 5 नॉट आणि समोरून पाणी 4 नॉट. इंजिन ओरडत राहील आणि काठावरचं झाड तिथेच दिसेल. म्हणून पाण्याविरुद्ध जायचंच नाही, पाण्याबरोबर जायचं. सगळं नियोजन त्याभोवती फिरतं.

लाइमहाउसहून ब्रेंटफर्ड, जिथे पश्चिम लंडनमध्ये पुन्हा कालव्यात शिरता येतं, साधारण 16 मैल. लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी लॉकमधून बाहेर पडायचं, म्हणजे चढतं पाणी पाठीशी घेऊन अडीच-तीन तासांत ब्रेंटफर्ड गाठता येतं. तिथली पूर्ण भरती लंडन ब्रिजनंतर तासाभराने होते, त्यामुळे खाडीत वळताना पाणी जवळजवळ थांबलेलं मिळतं. ब्रेंटफर्डचं टेम्स लॉक पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तासच चालतं. दोन्ही लॉकना आदल्या दिवशी तरी कळवावं लागतं. लॉककीपरशी फोनवर मोकळेपणाने बोला: बोट किती लांब, इंजिन केवढं, आधी कधी आला होतात का. ही माणसं रोज ते पाणी पाहतात. ते "उद्या नको" म्हणाले, तर उद्या नको.

लाइमहाउसचं लॉक मोठं आहे. भिंतीवर वरून खाली उभे दोर सोडलेले असतात. आपला दोर त्यांच्यामागून फिरवून हातात धरायचा, गाठ मारायची नाही, कारण बोट पाण्याबरोबर खाली उतरत जाते. दारं उघडू लागतात तेव्हा फटीतून पाणी उसळतं आणि बोटीचं नाक भिंतीकडे ओढलं जातं. पुढच्या माणसाने त्या वेळी फोटो काढू नयेत.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

मेघना_हाउन्स्लो

फार उपयोगी धागा. पुलांच्या कमानी कशा ओळखायच्या? आणि रेडिओ लागतोच का?

कालवाकाठ

@मेघना, ज्या कमानीवर दोन नारिंगी दिवे, ती वापरायची. त्रिकोणात तीन लाल दिवे किंवा लाल तबकड्या दिसल्या तर ती बंद. पुलावर पांढरा दिवा लुकलुकत असेल तर मोठं जहाज येतंय. सावकाश लुकलुकला तर एक, भराभर लुकलुकला तर एकाहून जास्त. अशा वेळी उजवा काठ धरून बाजूला राहायचं.

आणि एक गंमत, जी आजही नियमातच आहे. एखाद्या कमानीखाली दुरुस्ती चालू असून उंची कमी झाली असेल, तर तिथे गवताची पेंढी टांगतात. 2023 साली मिलेनियम ब्रिजला अशी पेंढी लटकवली होती, तेव्हा वर्तमानपत्रांतही फोटो आले. काचेच्या मनोऱ्यांच्या शहरात गवताची पेंढी अजून वाहतूक सांभाळते, मला ते फार आवडतं.

रेडिओ: बोट 13.7 मीटरपेक्षा (45 फूट) लांब असेल तर ब्रेंटफर्डच्या खाली व्हीएचएफ (बोटींचा रेडिओ) बंधनकारक आहे. चॅनेल 14 वर लंडन व्हीटीएस, म्हणजे बंदराचा वाहतूक कक्ष. निघताना आणि पोहोचल्यावर कळवायचं. रेडिओवर बोलायला शॉर्ट रेंज सर्टिफिकेट लागतं, ते आरवायए या नौकानयन संस्थेच्या एका दिवसाच्या कोर्सने मिळतं. फक्त ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन (जिथे वरच्या बाजूला भरती संपते) एवढंच जाणार असाल तर लांब बोटींनाही व्हीटीएसला फोन करून जाण्याची सवलत आहे. पण माझ्या मते बोट लहान असली तरी रेडिओ असावाच. समोरून कोण येतंय, कोण धक्का सोडतंय, हे वळणापलीकडून ऐकू येतं.

डिझेलवाला

इंजिनाबद्दल लिहितो, कारण नदीवर बंद पडणाऱ्या बोटींत बहुतेक वेळा कारण टाकीतलंच निघतं.

कालव्यावर टाकी कधी हलत नाही. वर्षानुवर्षं तळाशी पाणी साचतं, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांची काळी बुळबुळीत साय तयार होते. वेस्टमिन्स्टरजवळ लाटा लागल्या की ते सगळं ढवळून निघतं आणि थेट फिल्टरमध्ये. नदीच्या मधोमध इंजिन खोकायला लागतं आणि मरतं. एका मित्राच्या बोटीचा फिल्टर मी उघडला होता. काचेच्या वाटीत डिझेल दिसतच नव्हतं, चहा गाळल्यावर राहणाऱ्या चोथ्यासारखा काळा गाळ बोटाला चिकटत होता. ती बोट कालव्यावर कधीच कुरकुरली नव्हती.

म्हणून जाण्याआधी टाकीच्या तळातून नमुना काढून बघा. पाणी असेल तर पूर्ण काढा, फिल्टर बदला, जादा फिल्टर आणि पाना हाताशी ठेवा. फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा काढायचा सराव काठावर बांधलेल्या बोटीत करून घ्या.

दुसरी गोष्ट उष्णता. नॅरोबोटीचं इंजिन बहुधा बोटीच्या पत्र्याला जोडलेल्या टाकीतून थंड होतं. ती टाकी कालव्याच्या सावकाश चालीला पुरते, तीन तास जोरात चालवल्यावर पुरेलच असं नाही. आधी एखाद्या खोल, रुंद पाण्यावर तासभर जोरात चालवून तापमानाचा काटा पाहा. चढतच राहिला तर आधी दुरुस्ती, मग टेम्स.

तिसरी, पंख्यावरचं (प्रोपेलरवरचं) झाकण, ज्याला इथे वीड हॅच म्हणतात. कालव्यात पंख्यात प्लास्टिक अडकलं की आपण ते उघडतो आणि घाईत कसंबसं बसवतो. नदीवर जोरात इंजिन चालवल्यावर तिथून पाणी इंजिनाच्या खोलीत शिरतं आणि बोट मागून बसते. झाकणाचं रबर तपासा, पट्टी घट्ट आवळा, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) चालतोय का ते पाणी ओतून बघा.

दर्यावर्दी

नांगराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. इंजिन गेलं तर हातात उरतं ते फक्त नांगर. साठ फुटी नॅरोबोट 17-18 टनांची असते. तिला दुकानातला खेळण्यातला नांगर पुरत नाही. डॅनफोर्थ जातीचा 20 किलोच्या आसपासचा नांगर, मग काही मीटर साखळी, मग किमान 30 मीटर जाड दोर. साखळी हवीच, ती दांडी तळाशी आडवी ठेवते, म्हणून नांगर रुततो. दुसरं टोक आधीच बोटीला पक्कं बांधलेलं असलं पाहिजे, आणि नांगर पुढच्या डेकवर मोकळा. पलंगाखालच्या कपाटातला नांगर कुणाच्या कामाचा नाही.

काही जण मागून नांगर टाका म्हणतात, कारण पाणी मागून येत असतं आणि टिलरवरचा (सुकाणूच्या दांड्यावरचा) माणूस तिथेच उभा असतो. मला ते पटत नाही. नॅरोबोटीचा मागचा भाग बसका आणि बोथट. 3 नॉटचं पाणी तिथे आदळलं तर इंजिनाच्या खोलीतच शिरेल. पुढून टाकावा. बोट गर्रकन फिरून तोंड प्रवाहाकडे करेल, तेव्हा आजूबाजूला जागा आहे का ते पाहून टाकावा. पुलाच्या जवळ असाल तर कमान पार झाल्यावर.

कालवाकाठ

@दर्यावर्दी, पूर्ण सहमत. मागून टाकण्याचा सल्ला मलाही एकाने दिला होता, मी पुढेच ठेवला.

सई_ब

प्रामाणिकपणे विचारते. दोन हजार मैलांच्या आसपास कालवे आणि नद्या आहेत या देशात. त्यातला हा एवढासा तुकडा, शेजारून क्लिपर बोटी (जलद प्रवासी बोटी) धावणार, लाटा आदळणार, मग जायचंच कशाला? पॅडिंग्टनवरून रीजंट्स कालव्याने लाइमहाउसला जाता येतंच की. मुलं बरोबर असताना तर मला हे अजिबात योग्य वाटत नाही.

कालवाकाठ

@सई, जाऊ नये असं वाटणंही अगदी बरोबर आहे, कालव्याची वाट आहेच. मी का जाते ते सांगते. टॉवर ब्रिजच्या खालून आपल्या राहत्या घरासकट जाताना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एचएमएस बेलफास्ट या जुन्या युद्धनौकेचा करडा पत्रा सरकताना पाहणं, याची तोड दुसऱ्या कशाला नाही. लाइमहाउस बेसिन 1820 साली याच कामासाठी उघडलं: समुद्रावरून आलेला माल कालव्याच्या बोटींत चढवायला. तिथून बाहेर पडलं की आपले कालवे कशाला जोडले होते ते अंगाने कळतं.

मुलांबद्दल: लाईफजॅकेट सगळ्यांनी, बोटीच्या आत नव्हे, बाहेर असेपर्यंत पूर्ण वेळ. छतावर कोणी नाही, बाजूच्या कडेवरून चालत पुढे जाणं बंद. लहान मुलं असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्यासाठी, त्याच्याकडे दोर-बीर काही काम द्यायचं नाही. ते जमत नसेल तर मुलांना ब्रेंटफर्डला रेल्वेने बोलवा.

लाटा खऱ्याच आहेत. टॉवर ते वेस्टमिन्स्टर हा सर्वांत वाईट पट्टा. दोन्हीकडे उभ्या दगडी भिंती, त्यामुळे एका क्लिपरची लाट भिंतीवरून परत येते, दुसरीत मिसळते आणि पाणी खदखदत राहतं. आडव्या अंगाने लाट घेऊ नये, नाक थोडं तिच्याकडे तिरकं करून घ्यावं. पुढची दारं बंद, खालच्या जाळ्यांवर आतून फळी, बाजूची झापं बंद. किटली स्टोव्हवरून खाली, शेगडी थंड, गॅस बंद. कपबशा सिंकमध्ये टॉवेलवर. पार्लमेंटच्या इमारतीपासून 70 मीटर लांब राहायचं, तिथे पिवळे बॉय (तरंगत्या खुणा) आहेत. व्हॉक्सहॉल मागे पडलं की पाणी हळूहळू शांत होतं, आणि वाँड्सवर्थ पुलाच्या वर सगळ्यांनाच 8 नॉटची मर्यादा आहे.

रेवदंडा

इंग्लंडमध्ये कधी आलो नाही, पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडे खाडीवरचे लोक तिथीवरून पाणी सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं की मुंबईच्या बाजूची भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हाच उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. तुमच्या टेम्सला असं काही चालतं का?

कालवाकाठ

@रेवदंडा काका, किती छान विचारलंत! चालतं. लंडन ब्रिजला अमावास्या-पौर्णिमेची भरती साधारण दोन वाजता येते, म्हणजे तुमच्या पाऊणपटीत दोन तास मिळवायचे. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, तो एक तास आणखी. मी कॅलेंडरवर सोयीचे आठवडे असेच निवडते. अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी सकाळी आठ-नऊला भरतं, म्हणजे उजाडता निघायला हवं, पण ओढ सौम्य. पहिल्यांदा जाणाऱ्याला भांगाचं पाणीच बरं.

पण हा फक्त अंदाज. नक्की वेळ पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या भरती-तक्त्यातूनच घ्यायची. वर खूप पाऊस झाला असेल तर नदीचं पाणी ओहोटीला जोर देतं, तेव्हा तक्ता बरोबर असूनही ओढ वेगळी असते.

दर्यावर्दी

त्यात बाराव्या हिश्श्याचा नियमही धरा. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. 6 मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांतच 3 मीटर. टेम्समध्ये हे तंतोतंत बसत नाही, वर ब्रेंटफर्डकडे भरती लवकर उरकते आणि ओहोटी लांबते. पण मधल्या तासांत ओढ सर्वांत जास्त, एवढं नक्की.

रुतण्याबद्दल: चढत्या पाण्यात चिखलावर टेकलात तर घाबरू नका, थोड्या वेळात पाणी उचलेल. उतरत्या पाण्यात टेकलात तर मामला गंभीर. सपाट तळाची बोट उतारावर कलंडते, आणि परत भरती आली की बोट तरंगण्याआधीच पाणी खालच्या जाळ्यांतून आत येऊ शकतं. डेप्टफर्ड क्रीक, बो क्रीक यांसारख्या खाड्या ओहोटीला जवळजवळ चिखल होतात, तिथे "जरा डोकावून येऊ" म्हणून उतरत्या पाण्यात वळू नये.

उत्तरेकडचा

टेम्स सोडून इतर ठिकाणांबद्दलही लिहा कोणी तरी. मी ट्रेंट नदीवर फिरतो. क्रॉमवेल लॉकच्या खाली नदी भरतीची होते. टॉर्कसी, वेस्ट स्टॉकविथ, कीडबी अशी ठिकाणं. टॉर्कसी ते कीडबी 26 मैल, मध्ये सहज थांबायला जागा फारशी नाही. वळणं आतून कापू नका, आतल्या बाजूला गाळ असतो. क्रॉमवेलच्या खाली पाण्याखाली बुडालेली जुनी बेटं आहेत. उधाणाला एगिर नावाची भरतीची भिंत नदी चढून येते. लॉककीपर त्या दिवशी सोडतच नाहीत, पण वाटेत सापडलात तर नाक तिच्याकडे करायचं.

रिबल लिंकही सुंदर आहे. लँकेस्टर कालवा बाकीच्या जाळ्यापासून तुटलेला होता, 2002 साली सॅव्हिक ब्रूकवर लॉक बांधून तो रिबल नदीला जोडला. ठरावीक हंगामात, ठरावीक दिवशी, पाण्याच्या वेळेनुसारच सोडतात.

सेव्हर्न नदी मात्र वेगळीच. शार्पनेसच्या खाली भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरच्या आसपास जातो. 25 ऑक्टोबर 1960 च्या रात्री धुक्यात दोन तेलवाहू बार्ज शार्पनेसचं बंदर चुकून वर वाहत गेल्या आणि रेल्वेच्या पुलावर आदळल्या. पाच माणसं गेली. त्या बार्ज रोज नदीवर काम करणाऱ्या होत्या, चालवणारे मुरलेले. तिथे नॅरोबोट न्यायची तर स्थानिक पायलट (नदीचा वाटाड्या) बोटीवर घेऊनच, आणि बहुतेक विमा कंपन्यांचीही तीच अट असते.

मेघना_हाउन्स्लो

विम्यावरून आठवलं: आमच्या पॉलिसीत भरतीचं पाणी वगळलेलं आहे हे आज वाचलं! निघण्याआधी फोन करावा लागणार.

आणखी एक. वरून खाली, म्हणजे ब्रेंटफर्डहून लाइमहाउसला आलं तर?

कालवाकाठ

@मेघना, फोन करून थांबू नकोस, लेखी घे.

उलट दिशेने जरा कठीण. ब्रेंटफर्डला पूर्ण भरतीच्या आसपास बाहेर पडून ओहोटीबरोबर यायचं. लाइमहाउसला पोचेपर्यंत ओहोटी जोरात असते आणि लॉकचं तोंड डाव्या काठाला, प्रवाहाला काटकोनात. सरळ वळायला गेलात तर नाक शांत पाण्यात शिरतं आणि शेपूट अजून ओढीत असते, बोट भिंतीवर आपटते. त्यापेक्षा तोंडाच्या पुढे जा, मोकळी जागा पाहून पूर्ण वळा, प्रवाहाकडे तोंड करून हळूहळू काठाकडे सरका आणि शेवटी जोर लावून आत. वळण्याआधी रेडिओवर सांगा आणि मागे क्लिपर नाही ना ते पाहा. म्हणून पहिला प्रवास लाइमहाउसकडून वर.

एकटं जाऊ नये, हेही महत्त्वाचं. सेंट पँक्रस क्रूझिंग क्लब नॅरोबोटींचे ताफे टेम्सवर नेतो. शेजारी दुसरी बोट असली की इंजिन गेलं तरी दोर टाकायला कोणी तरी असतं. जिवाचा प्रश्न आला तर चॅनेल 16, किंवा 999 वर कोस्टगार्ड मागायचा. 1989 साली मार्चियोनेस बोटीच्या अपघातात 51 जण गेले. त्यानंतरच्या चौकशांतून 2002 पासून टेम्सवर आरएनएलआय या जीवरक्षक बोटींच्या संस्थेची केंद्रं आली. वॉटर्लू पुलाजवळच्या टॉवर केंद्रावर चोवीस तास माणसं असतात.

सई_ब

धन्यवाद, आता चित्र स्पष्ट झालं. समजा एवढं मोठं करायचंच नसेल, तर ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन कसं आहे? तिथेही भरतीच ना?

कालवाकाठ

@सई, हो, पण तो सगळ्यांत सोपा तुकडा, आणि सुरुवात तिथूनच करावी. साधारण 5 मैल, तास-दीड तास. क्लिपर नाहीत. एका बाजूला क्यू गार्डन्सची झाडं, मग आयझलवर्थ, मग रिचमंड. पूर्ण भरतीच्या थोडं आधी ब्रेंटफर्डचं लॉक सोडा, म्हणजे उरलेली भरती वर ढकलते.

रिचमंडला 1894 चं अर्धभरतीचं लॉक आहे. पूर्ण भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास तिथले लोखंडी दरवाजे वर उचललेले असतात आणि सरळ खालून जाता येतं. त्या वेळेबाहेर गेलात तर शेजारच्या लॉकमधून पैसे भरून जावं लागतं. वल्हवणाऱ्यांच्या होड्या खूप, त्यांची पाठ तुमच्याकडे असते, म्हणून वेग कमी ठेवा. नांगर, लाईफजॅकेट, स्वच्छ टाकी हे सगळं इथेही तसंच हवं.

टेडिंग्टनच्या वर भरती संपते, पण एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा वेगळा परवाना लागतो. थोड्या दिवसांचाही मिळतो. निघण्याआधी त्यांच्याकडे नदीच्या प्रवाहाची सूचना पाहून घ्या. लाल फलक लागले असतील तर कालव्यातच थांबा.